खेळणारं पोर घरी ठेवायचं की क्रीडा प्रबोधिनीत पाठवायचं?

सातवीतलं पोर जिल्ह्याच्या शर्यतीत नंबर काढून येतं, सर म्हणतात "याला बाहेर पाठवा", आणि घरात दोन तट पडतात. आमच्याकडेही पडले. आजी म्हणे, एवढ्याशा लेकराला होस्टेलात? मी म्हणे, साताऱ्यात राहून काय होणार? आता वाटतं, मी निम्मा चुकलो होतो.

दोन्ही वाटांची उदाहरणं आपल्याच सातारा जिल्ह्यात, तीही एकाच खेळात, धनुर्विद्येत आहेत. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या घरातला. झेडपीच्या शाळेतून राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे राहून खेळ शिकायच्या सरकारी केंद्रात गेला, धनुष्य तिथंच हाती आलं, पुढं सैन्यात लागला आणि टोकियो ऑलिंपिक खेळला. आदिती स्वामीचं उलट. तिला सराव मिळावा म्हणून आईवडीलच गाव सोडून साताऱ्यात आले. 2023 साली बर्लिनमध्ये, सतराव्या वर्षी, ती कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या प्रकारात जगज्जेती झाली. एका घरानं पोराला पाठवलं, दुसऱ्यानं बिऱ्हाडच हलवलं.

पैशाचं आधी बोलू. प्रबोधिनीच्या शारीरिक चाचण्यांत निवड झाली तर राहणं, जेवण, शाळा, सराव हे सगळं सरकार बघतं. ज्या घरात रोजच्या दूध-अंड्याचाच मेळ बसत नाही, तिथं निकाल इथंच लागतो. खासगी निवासी अकादमीचं तसं नाही. तिथं फी आपल्या खिशातून, आणि कोच सोडून गेला तरी फी चालूच. घरी ठेवलं तर फी कमी, पण बूट, स्पर्धेचा प्रवास आणि आई किंवा बापाची रोजची संध्याकाळ जाते. ही संध्याकाळ हिशेबात कुणी धरत नाही.

अंगाचं दुखणं घरी लवकर कळतं. वाढीच्या वयात पळणाऱ्या मुलांची टाच दुखते. पोर सकाळी पायऱ्या उतरताना लंगडलं की आईच्या नजरेतून सुटत नाही. होस्टेलात मात्र 'टीममधून काढतील' या भीतीनं मुलं दुखणं लपवतात. मुलगी पाठवणार असाल तर रात्री मुक्कामाला बाई वॉर्डन असते का आणि घरी फोन कधी करू देतात, हे स्वतः जाऊन विचारा. उत्तर गोलमाल आलं तर परत फिरा.

पण घरी ठेवण्यातला सगळ्यात मोठा धोका म्हणजे आपण स्वतः. साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर मी वर्षभर ट्रॅकच्या कडेला उभा राहून "हात हलव, मान वर!" ओरडायचो. सर एक सांगायचे, मी दुसरं. परतताना गाडीवर शर्यतीची चिरफाड. एक दिवस पोरगा म्हणाला, "बाबा, तुम्ही गेटपाशीच थांबा ना." तेव्हापासून गेटपाशी चहा घेतो आणि घरी जाताना फक्त जेवायला काय हवं ते विचारतो. होस्टेलातल्या मुलाला हा ताप नसतो, पण हरलेल्या रात्री शेजारी बसणारंही कुणी नसतं.

आणखी एक गोष्ट फार घरांना गंडवते. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट असतात. काल चौदाच्या गटात पहिला येणारा पोरगा वर्षभरात सतराच्या गटात जातो आणि मिसरूड फुटलेल्या पोरांपुढं आठवा येतो. त्याचं काहीही बिघडलेलं नसतं. नेमकं त्याच वर्षी पालक घाबरून निर्णय घेतात: एकतर खेळ बंद, नाहीतर ताबडतोब अकादमी. शाळेचा दाखला काढायला दोन दिवस पुरतात, पण नाही रमलं म्हणून वर्षाच्या मध्यात परत आणताना दमछाक होते. त्या वर्षी काहीच ठरवू नये असं माझं मत.

जिल्ह्याच्या पुढच्या, कोल्हापूर विभागाच्या स्पर्धेत मूल सलग दोनदा वर येत असेल, त्याच्या खेळाचा जाणकार कोच आपल्या भागात नसेल, आणि जायचं ते स्वतः म्हणत असेल, तर पाठवा. कोच गावात असेल तर दहावीपर्यंत घरीच ठेवा. नागपूरचा ओजस देवतळे धनुर्विद्येसाठी साताऱ्यात येऊन राहिला आणि आदितीबरोबर त्याच स्पर्धेत जगज्जेता झाला. म्हणजे गाव लहान की मोठं, हे बघायचंच नाही.

आमचा आता नववीत आहे, घरीच. परवा त्यानं स्वतःच प्रबोधिनीचं नाव काढलं. आजी म्हणाली, "जाऊ दे की." या वेळी नको म्हणणारा मी होतो.