शनिवार-रविवारचा ‘नर्स प्रॅक्टिशनर’: पैसे भरण्याआधी हे वाचा

नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारच्या ऑनलाइन तासांवर, वर्षभरात ‘नर्स प्रॅक्टिशनर’, म्हणजे जादा शिकून औषधं-तपासण्यांचे निर्णय घेणारी नर्स, करून देतो असं कोणी सांगितलं तर एक रुपयाही भरू नका. ‘सीट ब्लॉक’ करायला मागतात ते दोन हजारसुद्धा नाही. अशा कोर्सला आपल्या देशात मान्यता नाही. माझे यात 1 लाख 80 हजार रुपये गेले, आणि माझ्याबरोबर ज्या मुली होत्या त्यांतल्या काहींनी तर घरातलं सोनं गहाण ठेवलं होतं. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय. पण पद्धत सगळीकडे एकच आहे, त्यामुळे नाव नसलं तरी ओळखता येईल.

मी सांगलीकडची. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीएस्सी नर्सिंग, आणि तेव्हापासून आयसीयूतच. ज्यांनी आयसीयूत नाइट केल्यात त्यांना ठाऊक आहे की पहाटे तीनला पेशंटचं बीपी पडतं तेव्हा ते सगळ्यात आधी कोणाला कळतं. पण पगाराच्या कागदावर दहा वर्षं काढलेली स्टाफ नर्स आणि काल लागलेली स्टाफ यांच्यात फरक फार थोडा. इन्चार्ज व्हायचं तर आधीच्या सिस्टर रिटायर व्हायला हव्यात. शिकायला बाहेर पडायचं तर घरचा हप्ता, मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांची औषधं. ही जी कोंडी आहे ना, नेमकी तीच हेरून हे लोक फोन करतात.

फोनवरची मुलगी फार गोड बोलायची. ‘मॅम, तुम्ही अजून स्टाफच का आहात?’ हा तिचा पहिला प्रश्न. मग अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर स्वतः औषधं लिहून देतात, स्वतःचं क्लिनिक चालवतात, वगैरे. यातलं बरंच खरं आहे. 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेट्टा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून ही शाखा सुरू केली, आणि आज तिथल्या अनेक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय काम करतात. खोटं सुरू होतं ते त्यापुढे, ‘तेच आता आपल्याकडे एका वर्षात’ या वाक्यापासून.

आपल्याकडे खरं काय आहे ते आधी सांगते, कारण हे मला कोणी सांगितलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. भारतीय परिचर्या परिषदेने, म्हणजे आपल्या आयएनसीने, ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा अभ्यासक्रम आणलाय. तो दोन वर्षांचा, पदव्युत्तर, पूर्णवेळ रेसिडेन्सी आहे, म्हणजे रुग्णालयात काम करतच शिकायचं. प्रवेशाला नोंदणीकृत बीएस्सी नर्स असावं लागतं आणि किमान एक वर्षाचा वॉर्डातला अनुभव लागतो. बहुतेक वेळ आयसीयूतच जातो, पेशंटच्या उशाशी, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. पदवी विद्यापीठ देतं. आणि एवढं करूनही आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनर म्हणून स्वतंत्र दवाखाना टाकता येत नाही. रुग्णालयाने ठरवून दिलेल्या लेखी प्रोटोकॉलच्या चौकटीतच औषधं आणि तपासण्यांचे निर्णय घेता येतात. प्रसूतीसेवेसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हे वेगळं 18 महिन्यांचं प्रशिक्षण आहे, 2018 मध्ये केंद्राने त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्यांसाठी क्रिटिकल केअर, ऑन्कोलॉजी (कर्करोग), नवजात बालकांची शुश्रूषा अशा विषयांत एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत. तेही पूर्णवेळ.

मला विकला गेला तो ‘पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा इन नर्स प्रॅक्टिशनर, क्रिटिकल केअर’. शब्द तेच, फक्त मागेपुढे केलेले. माहितीपत्रकावर लिहिलं होतं, ‘आयएनसीच्या अभ्यासक्रमावर आधारित’. मान्यताप्राप्त असं कुठेही लिहिलं नव्हतं, आणि हे ठरवून केलेलं होतं, हे नंतर वकिलांनी ओळ-ओळ दाखवलं.

त्या पत्रकाच्या तळाशी एक पट्टा होता, त्यात रंगीत शिक्के ओळीने मांडलेले. आयएसओ 9001. उद्यम नोंदणी. एनजीओ दर्पण. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा नोंदणी क्रमांक. सगळे खरे! हाच तर कावा आहे. उद्यम नोंदणी म्हणजे लघुउद्योग म्हणून स्वतःच भरलेला ऑनलाइन फॉर्म, तो फुकटात होतो, वडापावच्या गाडीवाल्यालाही मिळतो. एनजीओ दर्पणवर कुठलीही स्वयंसेवी संस्था नाव नोंदवू शकते. आयएसओचा कागद खाजगी कंपन्या देतात, आणि तो कामकाजाच्या पद्धतीसाठी असतो. शिकवलेल्याला मान्यता देण्याचा अधिकार यातल्या एकाकडेही नाही. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 1956 च्या कायद्याप्रमाणे विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. नर्सिंगचा कोर्स, मग तो पदवीचा असो की डिप्लोमाचा, आयएनसी आणि राज्याची परिचर्या परिषद यांच्या यादीत असावा लागतो. आणि दूरस्थ शिक्षणाबद्दल म्हणाल, तर यूजीसीच्या 2020 च्या नियमांत नर्सिंगचं नाव मनाई असलेल्या विषयांत स्पष्ट आहे.

फीचं त्यांनी कसं केलं ते नीट वाचा, कारण इथे सगळ्यात जास्त मुली अडकतात. मी म्हटलं, एकरकमी जमणार नाही. ‘काही हरकत नाही मॅम, नो-कॉस्ट ईएमआय आहे. एक ओटीपी येईल, तो सांगा, ॲडमिशन कन्फर्म होईल.’ तो ओटीपी ॲडमिशनचा नव्हता. तो एका फायनान्स कंपनीच्या कर्जकरारावरच्या सहीचा होता. पूर्ण रक्कम त्याच आठवड्यात संस्थेच्या खात्यात गेली आणि माझ्या खात्यातून दरमहा हप्ता कापायला सुरुवात झाली. म्हणजे कोर्स बंद पडला, खोटा निघाला, तरी संस्थेचं काहीच अडत नाही, कर्जदार मी. हप्ता थांबवला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, खराब. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे कर्जाआधी मुख्य अटींचं पत्रक द्यावं लागतं, आणि ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं. हे पत्रक मागून घ्या. मुदत किती ते त्यात बघा.

तास सुरू झाले. झूमवर कोणीतरी स्लाइड वाचून दाखवायचं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये बीएस्सी, जीएनएम तर होत्याच, एएनएम, म्हणजे त्याहून खालचा सहाय्यक परिचारिकेचा कोर्स, झालेल्या दोन-तीन मुलीही होत्या. एका मुलीने विचारलंही, सर, याला बीएस्सी लागत नाही का? तिला ग्रुपमधून काढून टाकलं.

मग कुरियरने लॉगबुक आलं, म्हणजे स्वतः केलेल्या प्रक्रियांची नोंदवही. होलोग्राम लावलेलं, जाड कव्हर. आत पानापानावर तक्ते: एंडोट्रॅकियल इन्ट्युबेशन (श्वासनलिकेत ट्यूब घालणं), सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी), आर्टेरियल लाइन (धमनीत नळी), प्रत्येकासमोर ‘किमान दहा’. मी फोन करून विचारलं, हे करायचं कुठे, पोस्टिंग कोणत्या हॉस्पिटलला? उत्तर आलं, ‘तुम्ही आयसीयूतच आहात ना मॅम? तुमच्याच हॉस्पिटलमधल्या पेशंटची इनिशियल्स टाका आणि ओळखीच्या कोणत्याही डॉक्टरांची सही घ्या. बाकीच्या सगळ्या असंच करतात.’

मी ते पुस्तक कोरंच ठेवलं. आमच्याकडे बीपी घेतल्याशिवाय चार्टवर आकडा टाकला तर मेट्रन मॅडम उभं करतात, आणि बरोबरच करतात, कारण त्या आकड्यावर पुढचा डोस ठरतो. न केलेल्या दहा इन्ट्युबेशन लिहून जी मुलगी ‘प्रॅक्टिशनर’ होईल ती उद्या कोणाच्या तरी आईच्या घशात ट्यूब घालायला उभी राहील. पैसे बुडाल्याचा राग आहेच. पण त्याहून जास्त राग याचा आहे.

आणि खरं सांगते, लॉगबुक कोरं असूनही मला प्रमाणपत्र आलं! ‘डिस्टिंक्शन’सह.

ते कुठेच वापरलं गेलं नाही याचं श्रेय दुबईतल्या माझ्या सीनियर ताईंना. मी गल्फसाठी कागद जमवत होते. त्यांनी प्रमाणपत्राचा फोटो बघितला आणि लगेच फोन केला, ‘हे डेटाफ्लोला चुकूनसुद्धा पाठवू नकोस.’ दुबई, अबुधाबी, सौदी, कतार इथल्या परवान्याआधी डेटाफ्लो ही कंपनी कागदांची पडताळणी करते, आणि ती थेट देणाऱ्या संस्थेकडे व परिषदेकडे विचारून होते. एक कागद खोटा ठरला की तो शेरा राहतो आणि खऱ्या बीएस्सीवरही संशय येतो. मग मी तोच कागद मुंबईला राज्याच्या परिचर्या परिषदेत नेला, अतिरिक्त अर्हता म्हणून नोंद होते का विचारायला. काउंटरवरच्या बाईंनी यादी काढून माझ्यासमोर बोट फिरवलं. संस्था नाही, कोर्सही नाही. त्या फार सौम्यपणे बोलल्या, म्हणाल्या, असे कागद घेऊन मुली येत असतात.

परदेशाबद्दल एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी, कारण निम्मी फसवणूक त्या स्वप्नावर चालते. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं तर आधी एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा देऊन तिथली आरएन (नोंदणीकृत नर्स), मग तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेची मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग राष्ट्रीय सर्टिफिकेशन, मग राज्याचा परवाना. फिजिशियन असिस्टंटचंही (पीए, म्हणजे डॉक्टरचा प्रशिक्षित सहाय्यक) तेच: तिथल्या मान्यताप्राप्त कोर्समधून बाहेर पडल्याशिवाय परवान्याच्या परीक्षेला बसताच येत नाही, इथला कुठलाही पीए डिप्लोमा त्यासाठी चालत नाही. आयर्लंडमध्ये ॲडव्हान्स्ड नर्स प्रॅक्टिशनरला तिथली नोंदणी, मास्टर्स आणि अनुभव लागतो. ‘थेट’ नेणारा कागद जगात कुणाकडे नाही. आणि तिकडेही ठग आहेतच. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकी तपासयंत्रणांनी ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ उघड केलं. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग स्कूलमधून 7,600 हून अधिक बनावट डिप्लोमा विकले गेले होते, एकेकाला 10 ते 15 हजार डॉलरला. नंतर अनेक राज्यांनी असे कागद दाखवून घेतलेले परवाने रद्द केले.

आपल्याकडे याच संस्थेने काही मुलींना ‘सीएचओचं सर्टिफिकेट’ही विकलं होतं. समुदाय आरोग्य अधिकारी ही राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी भरती आहे, तिची जाहिरात सरकारी संकेतस्थळावर येते आणि प्रशिक्षण अभियानातर्फेच होतं. मधे एजंट नसतो.

पैसे परत मिळवायला काय केलं ते लिहिते. संस्थेला रजिस्टर पोस्टाने पत्र, मग वकिलाची नोटीस. उत्तर नाही. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार. आणि आम्ही काहीजणींनी मिळून जिल्हा ग्राहक आयोगात दावा टाकला. 5 लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे शुल्क नाही, पण दोन वर्षांची मुदत आहे, ती चुकवू नका. ‘शिक्षण म्हणजे सेवा नव्हे, ग्राहक आयोग चालणार नाही’ असं संस्थेचे वकील म्हणतात. म्हणोत. पाटण्याच्या एका डेंटल कॉलेजने विद्यापीठाशी संलग्न आणि डेंटल कौन्सिलची मान्यता असल्याचं भासवून प्रवेश दिले होते, त्या प्रकरणात 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिलाय. आमचा दावा त्याच आधारावर उभा आहे. व्हॉट्सॲपचे मेसेज, कॉल रेकॉर्डिंग, माहितीपत्रक, कर्जाचे कागद, काहीही डिलीट करू नका. आमच्यातल्या एकीने रागाने ग्रुप सोडला आणि चॅट पुसलं, तिचा पुरावा आता आम्हीच पुरवतोय. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबरही लावून बघा, पहिली दिशा तिथे मिळते.

मूळ प्रमाणपत्रं ‘व्हेरिफिकेशनला’ ठेवून घेतली असतील तर ती आधी सोडवा, बाकीचं नंतर. मूळ कागद अडकवून ठेवायला यूजीसीने मान्यताप्राप्त कॉलेजांनाही मनाई केलीय, मग यांना तर कसलाच अधिकार नाही. आमच्यातल्या दोघींची आरएनआरएमची, म्हणजे परिषदेतल्या नोंदणीची, मूळ प्रमाणपत्रं पोलिस स्टेशनमधून फोन गेल्यावरच परत आली.

कुठलाही कोर्स घेण्याआधी आयएनसीच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव, कोर्सचं नाव आणि चालू वर्ष हे तिन्ही एकत्र जुळतंय का ते स्वतः बघा. त्यांनी पाठवलेली पीडीएफ नको. कित्येकदा संस्था यादीत असते, पण जीएनएमसाठी. नर्स प्रॅक्टिशनरसाठी नाही. कळत नसेल तर परिषदेला लेखी विचारा.

संस्थेने आता बोर्ड बदललाय. नव्या नावाच्या जाहिरातीत ‘आमच्या यशस्वी विद्यार्थिनी’ म्हणून माझा फोटो अजून आहे, पांढऱ्या एप्रनमधला, काढायला सांगूनही काढलेला नाही. तो फोटो बघून काही मुलींनी मला शोधून काढलं आणि विचारलं. ज्यांना विचारायचं असेल त्यांनी जरूर विचारा. करार, लॉगबुक, परिषदेचं उत्तर, सगळे कागद माझ्याकडे आहेत, मी दाखवते.