एअरब्रशच्या नळीत पाणी का येतं: टाकीवाल्या कंप्रेसरचा उन्हाळा-पावसाळ्यातला अनुभव

प्लास्टिकची मॉडेल्स रंगवायला घेतलेल्या एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) आणि टाकीवाल्या कंप्रेसरच्या संचात एक गोष्ट चुकीच्या जागी बसवली आहे आणि तीच केलेल्या कामाची माती करते. रेग्युलेटरखाली (दाब कमीजास्त करणाऱ्या भागाखाली) लटकणारी पारदर्शक वाटी, म्हणजे हवेतलं पाणी पकडणारा मॉइश्चर ट्रॅप. ती कंप्रेसरलाच चिकटून आहे. पंप बराच वेळ चालला की तिथली हवा गरमच असते, आणि गरम हवा पाणी वाफेच्या रूपात धरून ठेवते. ती वाटीतून तशीच पार होते, पुढे नळीत गार होते आणि तिथे तिचं पाणी सुटतं. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. हा पंप मिनिटाला वीसेक लिटर हवा ओढतो. सलग तासभर चालला तर २५ ते ३० ग्रॅम पाणी आत जातं. बरंचसं टाकीच्या तळाशी साचतं, उरलेलं एअरब्रशकडे निघतं.

बाकी यंत्र चांगलं आहे. आठ हजारांच्या आसपास पडतं. तीन लिटरची टाकी, दाब ३ बारला आला की सुरू, ४ बारला बंद, आवाज इतकाच की रात्री दहानंतरही शेजारी तक्रार करत नाहीत. टाकीमुळे दाब हलत नाही. बिनटाकीच्या छोट्या कंप्रेसरवर बारीक रेघ मारताना पिस्टनचे ठोके रंगात उमटतात, ते इथे नाही.

उन्हाळ्यात तक्रार वेगळीच होती. नवतप्यात बाहेर ४५ अंश, हवा ठणठणीत कोरडी, आणि अ‍ॅक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळतो. आधी फवारा एका बाजूला वळतो, मग बारीक होतो, मग ट्रिगर मागे ओढला की साचलेला गोळा पॅनेलवर येऊन पडतो. तेव्हा ०.३ मिलिमीटरचं नोझलच सदोष आहे असं वाटायला लावणारं हे लक्षण आहे, पण नोझल बदलायची गरज नाही. डाग नीट बघा: वाळलेल्या रंगाचे ठिपके गडद आणि खरखरीत असतात, बोटाला लागतात. पाण्याचा डाग गोल, फिकट आणि कडेने पाय फुटलेला असतो.

वाळण्यावर उपाय सोपा आहे. तामिया या मॉडेल कंपनीच्या अ‍ॅक्रिलिकला एक भाग रंग, दीड ते दोन भाग त्यांचाच एक्स-२०ए थिनर, आणि रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) दहा टक्क्यांच्या आत. रिटार्डर जास्त झालं तर रंग दिवसभर चिकट राहतो आणि नागपुरात मे महिन्यात दिवसभर म्हणजे तेवढा वेळ धूळ बसत राहते. दाब १८ वरून १५ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं दुसरं एकक) आणा. दर दोन-तीन मिनिटांनी थिनरमध्ये भिजवलेल्या केसाच्या ब्रशने सुईचं टोक पुसा. पाण्यात विरघळणारे रंग पावसाळा लागेपर्यंत कपाटातच ठेवावेत, हे माझं ठाम मत. फवारणी सकाळी आठच्या आत उरकली तर निम्मा त्रास वाचतो.

आता कूलर. कूलर लावला की खोलीत ओलावा वाढतो आणि सुई वाळायची थांबते, म्हणून आपण खूश होतो. पण तोच ओलावा कंप्रेसरही ओढतो, म्हणजे मे महिन्यातसुद्धा जुलैचं दुखणं सुरू. कंप्रेसर शेजारच्या खोलीत, कूलरच्या झोताबाहेर ठेवावा आणि नळी दाराखालून आणावी. लांब नळीचा आणखी एक फायदा असा की हवा वाटेतच गार होते.

खरा तोडगा याच्याच पुढचा आहे: दुसरा छोटा फिल्टर नळीच्या शेवटी, ब्रशच्या अगदी बुडाशी. एक अष्टमांश इंची आटे बघून घ्यावा, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन वेढे द्यावेत. तीनेक मीटर नळी फरशीवर सैल वेटोळं करून ठेवली की पाणी नळीतच सुटतं आणि फिल्टर ते पकडतो. फिल्टर उभा लटकला पाहिजे, आडवा झाला तर साचलेलं पाणी थेट ब्रशमध्ये जातं. शिवाय वीस मिनिटं काम, दहा मिनिटं पंपाला विश्रांती. काम संपलं की टाकी तिरपी करून तळाची चावी उघडायची. तांबूस पाणी आलं तर टाकी आतून गंजायला लागली आहे, मग हा नेम रोजचाच.

मूळ वाटीला आट्यांपाशी केसासारखी चीर गेली तेव्हा सेवेचा अनुभव आला. वाटी पॉलिकार्बोनेटची असते. अ‍ॅसिटोन किंवा लॅकर थिनरचा हात लागला की ती चिरते, म्हणून फक्त साबणाच्या पाण्याने धुवावी. हे माहितीपत्रकात कुठेही नाही. कंपनी सुटी वाटी विकत नाही. प्लास्टिकचे भाग हमीत नाहीत, आणि अख्खं यंत्र स्वखर्चाने कुरिअर करा, असं उत्तर. दाबाखालची चिरलेली वाटी फुटू शकते, त्यामुळे ती वापरत राहणं हा पर्यायच नाही. नागपूरच्या इतवारीतल्या न्यूमॅटिक्सच्या (दाबाच्या हवेवरच्या सामानाच्या) दुकानात पाव इंची फिल्टर-रेग्युलेटर मिळतो, वाटीभोवती धातूचं आवरण असलेला. एका अ‍ॅडॉप्टरवर तो बसतो आणि कुरिअरच्या खर्चात काम होतं.

एका थेंबाचा एवढा बाऊ का, ते वेदरिंग (मॉडेल वापरलेलं, धुळकट दाखवणं) करणाऱ्याला कळेल. समजा १/३५ मापाच्या सेंच्युरियन रणगाड्याच्या मॉडेलवर १७ हॉर्स म्हणजे पूना हॉर्स या भारतीय रेजिमेंटचा, डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या बसंतरच्या लढाईतला रणगाडा करायचा आहे. हिरवा मूळ रंग, वर चकचकीत क्लिअर (पारदर्शक थर), डिकल्स (चिन्हं-आकड्यांचे चिकटचित्र), मग पिन वॉश (खाचांत सोडायचा पातळ गडद रंग). वॉशसाठी कॅमलिनच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर ऑइल रंग पुठ्ठ्यावर अर्धा तास ठेवून तेल शोषून घ्यावं आणि मग बिनवासाच्या स्पिरिटमध्ये पातळ करावं. इथपर्यंत चूक पुसता येते. शेवटचा धुळीचा थर मात्र एक भाग तामियाचा एक्सएफ-५७ बफ (फिकट मातकट रंग) आणि आठ-नऊ भाग थिनर, १० ते १२ पीएसआयवर, चाकं, बाजूच्या पत्र्यांचा खालचा भाग आणि मागचा डेक. इतका पातळ रंग म्हणजे जवळजवळ थिनरच. त्यात पाण्याचा एक थेंब पडला की बाजूच्या पत्र्यावर फिकट कडं उमटतं, आणि ते पुसायला गेलं तर खालचाही रंग निघतो, कारण दोन्ही थर एकाच थिनरचे. मॅट वार्निश दमट हवेत पांढरं पडतं, ते वेगळं. वार्निश पावसाळ्यात उघडीप असेल त्या दिवशीच मारावं.

धुळीच्या रंगाबद्दल एक सांगून टाकतो. आपल्या डोळ्यांत विदर्भाची काळी माती बसलेली आहे, हात आपोआप गडद तपकिरीकडे जातो. बसंतरचा भाग पाकिस्तानी पंजाबातला गाळाचा, माती फिकट. बफमध्ये डेक टॅन हा आणखी फिकट रंग मिसळून थर आणखी फिकटच करावा.

एअरब्रशबद्दल थोडक्यात. कपाच्या मागे, सुईभोवती साधी रबरी ओ-रिंग आहे. लॅकर थिनर वापरला की ती फुगते, ट्रिगर अडकतो आणि कपातला रंग मागे झिरपतो. तिच्या जागी टेफ्लॉनचं पॅकिंग टाकलं की ब्रश लोण्यासारखा चालतो. इतकी छोटी वस्तू कंपनीने मुळातच बसवायला हवी होती.