रेनजॅकेट गळतंय म्हणून भांडलो, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

हा रिव्ह्यू मी शिव्या घालायलाच लिहायला घेतला होता. मागच्या ट्रेकला सलग दोन तास पाऊस अंगावर घेतला आणि खांदे, पाठ, कोपरापर्यंत हात, सगळं ओलं. जॅकेट 10,000 मिमीवालं, शिवणींना आतून टेप मारलेली, वजन तीनशे-साडेतीनशे ग्रॅम, म्हणजे एक दिवसाच्या ट्रेकला लोक नेतात तसलंच. 10,000 मिमी म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब कापड सोसतं, आणि माझ्या डोक्यावरचा साधा पाऊस सोसेना?

मग कस्टमर केअर. फोटो पाठवा, बिल पाठवा, लेबलचा फोटो पाठवा, सगळं केलं. शेवटी जॅकेटच मागवून घेतलं, कुरियर माझ्या खर्चाने. दोन आठवड्यांनी परत आलं, सोबत चिठ्ठी : दोष आढळला नाही, जॅकेट धुवावे.

धुवावे!! अरे मी आठ महिने ते मुद्दाम धुतलं नव्हतं, धुतलं की कोटिंग जातं असं ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकलेलं, त्यामुळे प्रत्येक ट्रेकनंतर झटकायचं, वाळवायचं आणि घडी करून ठेवायचं, इतकं मी स्वतःच्या शर्टाला पण जपत नाही. वर घडी करून ठेवणं पण चूकच निघालं, एकाच रेषेवर सारखं दुमडून कोटिंग तिथे झिजतं, हँगरला लावायचं असतं. ते असो.

रागाच्या भरात घरीच टेस्ट घेतली. एका बाहीचं तोंड दोरीने घट्ट बांधलं, आत पाणी भरलं आणि बाथरूममध्ये टांगून ठेवलं. अर्धा तास. बाहेर एक थेंब नाही. म्हणजे कापड गळत नव्हतं, आणि इथे माझा आवाज जरा खाली आला.

झालं होतं असं. बाहेरच्या कापडावर एक लेप असतो, त्यामुळे पाण्याचे मणी होऊन घरंगळून जातात. अंगाचं तेल, घाम, सनस्क्रीन, सॅकच्या पट्ट्यांचं घासणं, यामुळे तो लेप झाकला जातो आणि वरचं कापड पाणी पिऊन बसतं (माझं खांद्यावर गडद झालेलं, तेव्हाच कळायला हवं होतं). आतला पडदा पाणी अडवतोच, पण वर ओलं फडकं बसल्यावर घामाची वाफ बाहेर जाणार कुठून? ती आतच गार होऊन पाणी बनते. म्हणजे पावसाने नाही, स्वतःच्याच घामाने भिजलो. त्यात खाली कॉटनचा टीशर्ट, तो पाणी धरून ठेवतो, लवकर वाळत नाही, आणि थांबलं की थंडी भरते. इतके दिवस मी टीशर्टला दोष दिलाच नव्हता कारण तो घरातलाच होता, त्याला पैसे पडले नव्हते.

धुतलं. थोडा लिक्विड साबण, सॉफ्टनर अजिबात नाही, दोनदा खळबळून, कारण साबण राहिला तर तोच पाणी ओढतो. नंतर ऊब द्यायची, लेबलवर चालेल असं लिहिलं असेल तर ड्रायरमध्ये कमी तापमानाला वीसेक मिनिटं. माझ्याकडे ड्रायर नाही, म्हणून वर पातळ कापड टाकून हलकी इस्त्री फिरवली, वाफ बंद. मग नळाखाली धरलं तर मणी! नव्यासारखे घरंगळले. मी बायकोला बोलावून दाखवलं, ती म्हणाली बरं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, मधे तीन आठवडे आणि दोन ट्रेक झाले, म्हणून पुढचा सूर वेगळा आहे.

दोन्ही ट्रेकला सिंथेटिक टीशर्ट, वर पातळ फ्लीस (लोकरीसारखं मऊ, उबदार जॅकेट) फक्त थांबल्यावर, आणि जॅकेट पाऊस आला तरच. चढाला जॅकेट घालून चालणं हा निव्वळ मूर्खपणा आहे हे पण कळलं, निघताना थोडं गार वाटलं पाहिजे, दहा मिनिटांत अंग तापतंच. पण फ्लीस घरी ठेवू नका, 1000 मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, खाली घाम येत असला तरी वर वारा हाडात शिरतो. पाऊस एका ट्रेकला तासभर होता, आत किंचित दमट, भिजलो नाही. आता दर चार-पाच ट्रेकला धुणार. नवीन जॅकेटांच्या लेपात पूर्वीची फ्लोरिनवाली रसायनं बऱ्याच कंपन्यांनी बंद केलीत, ते चांगलंच आहे, पण हा नवा लेप तेल तितकं अडवत नाही, म्हणून धुणं जास्त लागतं. हे कंपनीने लेबलवर मोठ्या अक्षरात लिहिलं असतं तर माझं कुरियर वाचलं असतं.

बाकी सामानाबद्दल पटकन. सॅक 22 लिटर, पुरते. तिच्यासोबत आलेलं रेनकव्हर मात्र शोभेचं आहे, पाणी पाठीच्या बाजूने उतरतं आणि कव्हर तिथे नसतंच. आता आत एक जाड कचऱ्याची पिशवी घालतो आणि सगळं त्यात, फुकटात काम. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, दुपारपर्यंत पाय फुगतात आणि उताराला अंगठ्याची नखं काळी पडतात, माझं एक गेलं. जादा मोजे हवेतच, आणि टाचेला गरम लागायला लागलं की तिथेच थांबून टेप लावायची, फोड आल्यावर नाही. पाणी तासाला अर्धा लिटर धरतो, ऊन असेल तर त्याहून जास्त.

हेडटॉर्च दिवसाच्या ट्रेकला कशाला, असं मी पण म्हणायचो. तासाला 5 किमी, शिवाय दर 600 मीटर चढाला एक तास जादा, हा चालायच्या वेळेचा नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा हिशोब, आणि त्यात फोटो, खाणं, चुकलेली वाट काही धरलेलं नाही, त्यामुळे अंधार पडतोच कधीतरी, आणि थंडीत मोबाईलची बॅटरी बघता बघता बसते. शिट्टी सॅकच्या छातीच्या बकलातच आहे, संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं. अजून वाजवायची वेळ आली नाही.

तर जॅकेटला पाचपैकी चार. एक कापला तो खिशांसाठी. दोन्ही खिसे इतके खाली दिलेत की सॅकचा कमरपट्टा बरोबर चेनवर बसतो, ना हात आत जातो ना नकाशा बाहेर येतो, पावसात थांबून पट्टा सोडा, मग खिसा उघडा. जॅकेट सॅकखालीच घालणार हे बनवणाऱ्याला माहीत नसेल का? परवा यावर पण मेल टाकलाय. या वेळी काय धुवायला सांगतात बघू.