स्वयंरोजगारी कुणाला म्हणायचं? भारत, अमेरिका, ब्राझील आणि प्रश्नावलीतला एक रकाना

तालुक्यातल्या कामगारांचं सर्वेक्षण करताना 'कामाचा दर्जा' (कोण स्वयंरोजगारी, कोण पगारदार) हा रकाना कोणत्या देशाच्या धर्तीवर आखायचा? माझं मत: पाया भारतीयच ठेवा, पण एक-दोन प्रश्न बाहेरून आणा.

गावातलं किराणा दुकान घ्या. नवरा दिवसभर गल्ल्यावर, बायको रोज संध्याकाळी दोन तास. तिला वेगळा पगार नाही. आपल्या पीएलएफएसमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात, नवऱ्याला क्रमांक ११, म्हणजे स्वतःचा धंदा करणारा. बायकोचा मुख्य दर्जा (वर्षातला जास्त काळ ती काय करते) घरकाम असा लागला, तरी दुय्यम दर्जात ती २१, म्हणजे घरच्या व्यवसायातली मदतनीस. हिशेबात दोघंही स्वयंरोजगारी. हेच दुकान अमेरिकेत असतं तर? तिथल्या सीपीएस या मासिक रोजगार सर्वेक्षणात घरच्या धंद्यातलं बिनपगारी काम आठवड्याला किमान १५ तास भरलं तरच रोजगार. हिचे भरतात १४! दुसरं काम नसेल आणि ती शोधतही नसेल, तर ती थेट श्रमबलाबाहेर. नवऱ्यानं दुकानाची कंपनी नोंदवली असेल, तर तो स्वतःच्याच कंपनीतला पगारदार.

२०२३-२४ मध्ये भारतात कामकऱ्यांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारी होते, आणि एकूण कामकऱ्यांपैकी १९.४ टक्के हे त्यातले असे मदतनीस. त्यांना बाजूला न काढता हा आकडा अमेरिकेच्या आकड्याशेजारी मांडणं म्हणजे वाचकाची दिशाभूल. शिवाय घरी खाण्यापुरतं धान्य पिकवणं आपण कामात धरतो, तर श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय ठरावानं ते रोजगाराच्या व्याख्येतून वगळलं.

पगारदारांच्या बाबतीत मला ब्राझील आवडतो. तिथं पगारदार म्हटलं की लगेच पुढचा भेद येतो: 'कार्तेरा' म्हणजे श्रमपुस्तिकेत नोकरीची नोंद आहे की नाही. घरकामगारांचा गट स्वतंत्र, आणि स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही तो नोंदणीकृत आहे का, हे विचारतात. आपल्याकडे बँकेतला अधिकारी आणि महिन्याच्या पगारावर धुणीभांडी करणाऱ्या ताई, दोघांनाही ३१, म्हणजे नियमित पगारदार. लेखी करार, पगारी रजा, सामाजिक सुरक्षा हे प्रश्न पीएलएफएस विचारतं, पण वेगळे. बातमीत पोचतो तो बहुधा '३१'च.

मोटरसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या पोरांसाठी मात्र या तिन्हींपेक्षा त्याच तज्ज्ञांचं २०१८ चं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण बरं. त्यात 'परावलंबी कंत्राटदार' हा गट आहे: कागदावर स्वतंत्र, पण काम आणि दर दुसऱ्याच्या हातात. आपल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची (नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करणाऱ्याची) व्याख्या आहे, पण पीएलएफएसच्या कामकऱ्यांसाठीच्या ११ ते ५१ या क्रमांकांत त्याला स्वतःची जागा नाही.

तेव्हा रकाना पीएलएफएसचाच छापा, म्हणजे राज्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येईल. शेजारी आठवड्याचे तास लिहून घ्या. ते असले की १५ तासांची अमेरिकी गाळणी नंतर केव्हाही लावता येते. ३१ वाल्यांना लेखी कराराचं तिथल्या तिथं विचारा. ११ वाल्यांना विचारा की दर कोण ठरवतं. परदेशाशी तुलना करायचीच असेल, तर वर्षभराचा नेहमीचा दर्जा वापरू नका. चालू आठवड्याचा घ्या, कारण अमेरिका आणि ब्राझील दोघंही एका आठवड्याचंच विचारतात.