फी भरून काम विकत घेतलं: आमच्या गावची मुलांची बेसबॉल लीग

आधीच सांगून टाकते. या लीगमध्ये माझी लेक पाच वर्षं खेळली आणि त्यातली दोन वर्षं लीगचे हिशेब माझ्याकडे होते. तेव्हा हा अभिप्राय काही तटस्थ नाही. लीगचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्या मंडळींची नि माझी दर शनिवारी किराणा दुकानात गाठ पडते. मध्य न्यू जर्सीत राहणाऱ्यांना ओळखायचं तर ओळखू येईलच. बाकीच्यांनी आपापल्या गावची लिटल लीग, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या त्या मोठ्या संघटनेची गावातली शाखा, डोळ्यांसमोर आणावी, उन्नीस-बीसच फरक असतो.

आधी पैशाचं. स्प्रिंग सीझनची फी आम्ही २२५ डॉलर भरली. त्यात टोपी, जर्सी आणि मोजे मिळतात. ग्लव्ह, बॅट, हेल्मेट, पॅन्ट, खिळ्यांचे बूट सगळं आपलं. शिवाय १०० डॉलरचा वेगळा चेक द्यावा लागतो, तो अनामत म्हणून. सीझनभरात ठरलेले तास काम केलंत तर चेक फाडून टाकतात, नाही केलंत तर बँकेत भरतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, ही नुसती धमकी असणार. जुलैत खात्यातून शंभर डॉलर गेले तेव्हा कळलं.

जन्मतारखेचंही एक गणित आहे. त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला मुलाचं जे वय असेल ते त्याचं ‘लीग एज’. सप्टेंबरात जन्मलेलं मूल आपल्या गटात थोराड दिसतं, ऑगस्टचं बिचारं लहान. आमची ऑगस्टची.

ग्लव्हचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नवा चामड्याचा ग्लव्ह पुठ्ठ्यासारखा कडक असतो. तेल चोळायचं, आत बॉल ठेवून रबरबँडने बांधायचा आणि गादीखाली दाबून ठेवायचा, असं कुणीतरी सांगितलं. आमच्या ह्यांनी घरातलं खोबरेल चोपडलं. मार्चमधली पहिली प्रॅक्टिस, बाहेर पाच अंश सेल्सियस. तेल थिजलं, ग्लव्ह दगड झाला आणि पोरगी डाव्या हातात ओल्या नारळाची कवड धरल्यासारखी उभी. बॅटचंही तसंच. एका मैत्रिणीने मुलाची जुनी बॅट प्रेमाने दिली, अंपायरने ती पहिल्याच मॅचला बाजूला काढली. २०१८पासून लिटल लीगमध्ये बॅटवर ‘यूएसए बेसबॉल’चा शिक्का लागतो, त्या बॅटवर दुसऱ्याच संघटनेचा होता. विकत घेताना आधी शिक्का बघा, रंग नंतर.

फेब्रुवारीत शाळेच्या जिममध्ये पारख होते. मुलांच्या पाठीवर नंबर चिकटवतात, चार ग्राउंडर (जमिनीवरून सरपटत येणारे बॉल), चार उंच कॅच, दहा-बारा फटके, झालं. संघांचे मॅनेजर लोक कोपऱ्यात वह्या घेऊन बसलेले. मग बंद दाराआड ड्राफ्ट, म्हणजे एकेका फेरीत मॅनेजरांनी आपापल्या संघासाठी मुलं उचलणं. कुणाचं मूल कितव्या फेरीत उचललं गेलं हे आईबापांना कधीही सांगत नाहीत, आणि ही या लीगची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. मी खजिनदार असताना त्या खोलीत कॉफी घेऊन गेले होते, त्यामुळे मला माहीत आहे. पण सांगणार नाही.

आमची पहिली दोन वर्षं राइट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला, गेली. तिथे या वयात बॉल येतच नाही. एप्रिलअखेर गवतात पिवळी डँडेलियन फुलतात, त्यांचे गजरे करण्यात दोन-तीन इनिंग जायच्या. नियम असा की प्रत्येक मुलाला किमान सहा आउट होईपर्यंत फिल्डिंग आणि एकदा तरी बॅटिंग मिळालीच पाहिजे. क्रिकेटमध्ये अकरावा नंबर लावून दिवसभर लाँग लेगला उभ्या राहिलेल्या कुणालाही या नियमाचं मोल कळेल. आमच्या लीगने तर पुढे जाऊन हजर असलेली सगळीच मुलं आळीपाळीने बॅटिंगला पाठवली. मॅच लांबते, पण एकही पोर रडत घरी जात नाही.

तिसऱ्या वर्षी ती पिचर (बॉल टाकणारी) झाली आणि मी मोजणारी. हातात मावेल एवढं क्लिकर असतं, प्रत्येक पिचला, म्हणजे टाकलेल्या प्रत्येक बॉलला, एक टिचकी. २००७पासून लिटल लीगने इनिंगऐवजी पिच मोजायला घेतल्या, कोवळ्या कोपरांची खराबी होऊ नये म्हणून. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५, अकरा-बाराच्याला ८५. गंमत पुढे आहे. ३६ ते ५० पिच टाकल्या तर दोन दिवस विश्रांती, ५१ ते ६५ टाकल्या तर तीन, ६६च्या पुढे चार. म्हणजे पन्नासावी आणि एक्कावन्नावी यांत एका दिवसाचं अंतर. गुरुवारी संध्याकाळी माझ्या क्लिकरवर ४८ होते आणि समोरच्या बाईंच्या ५१. आमच्याकडे होम टीमचा आकडा धरतात, आम्ही पाहुणे. झालं, रविवारची मॅच गेली. गाडीत पोरगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आई, तू नीट मोजलंस ना?” मी सी.ए.च्या परीक्षेतही इतकी घाबरले नव्हते. मला अजून वाटतं, त्यांनी तीन वॉर्मअप पिच धरल्या.

ती मुलगी असून बेसबॉल का, सॉफ्टबॉल का नाही, हा प्रश्न आम्हाला मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात विचारतात. त्यावर माझं ठरलेलं उत्तर आहे. इथून पाऊण तासावरच्या होबोकनमध्ये १९७२ साली मारिया पेपे नावाच्या बारा वर्षांच्या मुलीने लिटल लीगच्या तीन मॅचमध्ये पिचिंग केलं. मुलींना परवानगी नव्हती, म्हणून तिला काढलं. खटला न्यू जर्सीतच चालला, निकाल मुलींच्या बाजूने लागला आणि १९७४मध्ये दारं उघडली. तोवर मारियाचं वय उलटून गेलं होतं. आमच्या लीगमध्ये आज मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, पण कुणी भुवई उंचावत नाही. डगआउटमध्ये (खेळाडू बसतात तिथे) वेणी हेल्मेटमधून बाहेर कशी काढायची हे कळणारं कुणी नव्हतं, एवढीच अडचण.

आता कारभाराचं. बाहेरून वाटतं, एवढी फी घेतात, पैसा कुठे जातो? वही माझ्याकडे होती म्हणून सांगते. अंपायरचं मानधन, विमा, बॉल, दिव्यांची वीज, भाड्याचं शौचालय, आणि माती. हो, माती. बेसच्या भोवतीचा लाल भाग पावसाने चिखल होतो, त्यावर भाजलेल्या मातीचे बारीक खडे टाकतात. पन्नास पौंडाची गोणी, एका ओल्या शनिवारी सहज आठ-दहा गोण्या फस्त. नवे आईबाप उत्साहाने झाडू घेऊन डबकं बाहेर लोटतात. असं करू नका. पाण्याबरोबर मातीही जाते, पुढच्या पावसात तिथेच मोठं डबकं होतं. हातपंपाने पाणी ओढायचं, उरलेलं स्पंजने टिपायचं. हे मला लीगच्या अध्यक्षांनी शिकवलं. ते पेशाने प्लंबर, आणि या कामाचा त्यांना एक पैसा मिळत नाही. कुणालाच मिळत नाही. फीमध्ये भागत नाही म्हणून कुंपणावर दाताच्या डॉक्टरचे आणि पिझ्झेवाल्याचे फलक लागतात. ते मिळवायला मी दारोदार फिरले. पावतीपुस्तक घेऊन गणपतीची वर्गणी मागायची सवय कोल्हापुरात लागली होती, ती उपयोगी पडली.

चेकवर दोघांच्या सह्या, महिन्याला बँकेचा कागद सगळ्यांसमोर, हा माझा हट्ट. पहिल्या मीटिंगला काहींना तो अपमान वाटला. अशा लीगचे पैसे खजिनदाराने लांबवल्याच्या बातम्या या देशात अधूनमधून येतात, त्या मी छापून नेल्या होत्या. मग कुणी बोललं नाही.

स्नॅक स्टँडचा गल्ला हाही मोठा आधार. हॉटडॉग, प्रेट्झेल, चीज ओतलेले नाचोज, सूर्यफुलाच्या बिया. आम्ही शाकाहारी, आणि मी चिमट्याने हॉटडॉग फिरवत उभी. सासूबाईंना व्हिडिओ कॉल करायचं त्या दिवशी टाळलं. उद्घाटनाच्या दिवशी एकदा दोनशे बटाटेवडे करून नेले, अकरापर्यंत संपले. पुढच्या वर्षी मला कुणी विचारलंच नाही, थेट यादीत लिहून टाकलं.

अंपायरिंगबद्दल लोक बोंबलतात, त्यात अर्थ नाही. धाकट्या गटांत आमच्याकडे चौदा-पंधरा वर्षांची मुलंच अंपायर असतात. मे महिन्यातली एक संध्याकाळ. एका वडिलांनी कुंपणाला तोंड लावून त्या पोराला “आंधळा आहेस का?” म्हणून ओरडायला घेतलं. पोराचे कान लाल. अध्यक्ष स्टँडमागून हात पुसत आले, मॅच थांबवली आणि त्या वडिलांना शांतपणे पार्किंगमध्ये जायला सांगितलं. ते जाईपर्यंत पुढची पिच पडली नाही. पाच मिनिटं सगळे गप्प. फीचे पैसे त्या पाच मिनिटांत वसूल झाले असं मी मानते.

तक्रारी दोन. पहिली, पावसाचा निरोप. मॅच सहाची, आणि रद्द झाल्याचा मेसेज पाच वाजून पन्नास मिनिटांनी. तोवर नोकरीवरून पळत येऊन, मुलाला पोळी भरवून, चिखलात गाडी लावून झालेली असते. मैदान नगरपालिकेचं, निर्णय त्यांचा, हे मला कळतं. पण चारला “शंका आहे” एवढं तरी कळवा! मी बोर्डावर (लीगच्या कार्यकारिणीत) असतानाही हे मला जमवता आलं नाही.

दुसरी जास्त बोचते. जूनमध्ये ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक मुलांचा, संघ निवडतात. तिथून जिल्हा, राज्य, विभाग असं करत करत पेनसिल्व्हेनियातल्या साउथ विल्यमस्पोर्टच्या लिटल लीग वर्ल्ड सीरिजपर्यंत वाट जाते, आणि १९९८मध्ये आपल्याच राज्यातल्या टॉम्स रिव्हरच्या मुलांनी ती जिंकल्यापासून इथल्या प्रत्येक बापाच्या डोळ्यांत तेच स्वप्न असतं. मी बोर्डावर असताना एका वर्षी आमच्या बारा जणांच्या संघात चार मुलं बोर्डावरच्यांची होती. दोन खरंच चांगली. उरलेल्या दोघांच्या जागी कोण हवं होतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी त्या खोलीत बसले होते आणि बोलले नाही, कारण माझी मुलगी पुढच्या वर्षी त्या वयाची होणार होती. वगळलेल्या एका मुलाची आई माझ्याच ऑफिसात आहे. लिफ्टमध्ये ती हवापाण्याचं बोलते.

पुढच्या वर्षी मी खजिनदारी सोडली. लेकीची निवड झाली नाही, आणि झाली असती तर मला जास्त अवघड गेलं असतं.

पाचपैकी चार तारे देते. एक कापला तो ऑल-स्टारसाठी. पावसाचा अर्धा मी माझ्या खात्यावर घेतलाय. नोंदणी जानेवारीत सुरू होते, लवकर केलीत तर थोडी सूट मिळते. पांढरी पॅन्ट घेऊ नका, लाल माती निघत नाही, करडी घ्या. ग्लव्हला खोबरेल नको. आणि तो १०० डॉलरचा चेक गंमत म्हणून लिहू नका. माझ्या दोन वर्षांत मी असे सतरा चेक बँकेत भरले, त्यातले पाच आपल्याच लोकांचे होते.