पेनी स्टॉकमधला शॉर्ट शिकवणारा दादरचा वर्ग

दादर पश्चिमेला रविवारी सकाळी भरणाऱ्या शेअर बाजाराच्या वर्गाला जाऊन आले. विषय होता पेनी स्टॉकमधलं, म्हणजे अगदी कमी भावाच्या शेअरमधलं शॉर्ट सेलिंग: हाती नसलेले शेअर आधी विकायचे आणि नंतर विकत घेऊन भरून द्यायचे. फी दीड हजार, आणि ती पहिल्या दोन तासांतच वसूल झाली.

न्यू जर्सीतला माझा भाचा असले चिल्लर भावाचे शेअर घेतो. रोजच्या शॉर्ट व्हॉल्यूमचे, म्हणजे दिवसभरात शॉर्ट म्हणून विकलेल्या शेअरचे आकडे वाढले की मंदीवाले तुटून पडले म्हणून धास्तावतो. त्याचं कोडं सरांनी फळ्यावर सोडवलं. खरेदीचा भाव 10 सेंट, विक्रीचा 12. मार्केट मेकरकडे, म्हणजे खरेदी आणि विक्री दोन्हीचे भाव सतत देणाऱ्या व्यापाऱ्याकडे 3,000 शेअर शिल्लक आणि ऑर्डर आली 10,000 ची. तो माल नाही म्हणून परत पाठवत नाही, सगळे देतो. म्हणजे 7,000 शॉर्ट. पुढे कुणी विकायला आलं की 10 ला उचलतो आणि कव्हर करतो, म्हणजे आधीची तूट भरून काढतो. मधले 2 सेंट ही त्याची कमाई. भाव पडेल अशी पैज यात नाही, तरी दिवसाच्या आकड्यांत ते 7,000 शॉर्ट म्हणूनच मोजले जातात.

मागच्या बाकावरच्या काकांनी विचारलं, "मग तो मुद्दाम भाव पाडत नाही कशावरून?" सरांनी प्रश्न टाळला नाही. 2005 पासून अमेरिकेत लागू असलेल्या रेग्युलेशन एसएचओप्रमाणे शॉर्ट करण्याआधी शेअर उसने मिळतील याची खात्री करावी लागते. मार्केट मेकरला त्यातून सूट आहे. "पण सूट दोन्ही बाजूंचे भाव देण्याच्या कामाला आहे, स्वतःच्या सट्ट्याला नाही. गैरवापर होतो तो इथेच," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तक्रार आहे ती आपल्या बाजाराच्या भागाबद्दल. तो शेवटी घाईत उरकला. आपल्याकडे नेकेड शॉर्टला (शेअर उसने मिळवण्याची सोय न करता केलेल्या शॉर्टला) बंदी आहे, ट्रेड-टू-ट्रेडमधला (प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची असलेल्या गटातला) शेअर त्याच दिवशी उलटा सौदा करून स्क्वेअर ऑफ करता येत नाही, एसएमई, म्हणजे लहान-मध्यम कंपन्यांच्या शेअरला लिस्टिंगनंतर तीन वर्षं मार्केट मेकर सक्तीचा असतो, एवढं कानावर पडलं. पण अप्पर सर्किटला (दिवसाच्या वरच्या भावमर्यादेला, जिथे विकणाराच मिळत नाही) अडकलेला शॉर्ट एक्सचेंजच्या लिलावात कसा जातो, हे इथल्या माणसाला सगळ्यात आधी कळायला हवं. त्याला जेमतेम पाच मिनिटं मिळाली.

नोट्सही फक्त इंग्रजीत आहेत. वर्ग मराठीत घेता, तर नोट्सही मराठीत द्या. जाणाऱ्यांनी वही न्यावी. फळ्यावरचं उदाहरण नोट्समध्ये नाही.