चौदा महिने, एकोणीस ड्रेस: स्वतःचे कपडे स्वतः शिवून पाहिल्यावर

आधी हिशेब सांगते. गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला पहिली टीप मारली, त्याला आता चौदा महिने झाले. एवढ्यात स्वतःसाठी १९ ड्रेस शिवले. त्यातले ११ नेहमी अंगावर असतात. तीन बहिणीला गेले (तिला ते खरंच आवडले की तिने माझं मन राखलं, हे मी विचारलेलं नाही). दोनांच्या भाजीच्या पिशव्या झाल्या, एकाचं पायपुसणं झालं आणि दोन कपाटाच्या तळाशी उसवायचे पडलेत. ड्रेस म्हणजे पंजाबी ड्रेस नव्हे. गुडघ्याखाली येणारा, कोपरापर्यंत बाही असलेला, खिशांचा सुती झगा. ऑफिसला, बाजारात, गावाला कुठेही चालेल असा.

सुरुवात हौसेने वगैरे झाली नाही, वैतागाने झाली. दुकानातला ड्रेस खांद्यात बसला की सीटला, म्हणजे कुल्ह्यांवर, आवळायचा, सीटला बसला की खांदे खाली उतरायचे. बाह्या बऱ्याचदा आतल्या बाजूला टाचून दिलेल्या, हव्या असतील तर लावून घ्या म्हणून. त्या लावायला टेलरकाकांकडे जा, तर काका गेली बारा वर्षं मला एकच तारीख देतात. परवा. दिवाळीच्या आधी विचारा, संक्रांतीच्या आधी विचारा, उत्तर तेच. "परवा या ताई, नक्की." त्यांच्यावर पुढे लिहायचंय, म्हणून इथे जास्त बोलत नाही.

मशीन घरात होतंच. सासूबाईंचं काळं पायमशीन मागच्या गॅलरीत प्लास्टिक गुंडाळून ठेवलेलं होतं. चाक हलेना. मेकॅनिकने उघडून बघितलं आणि हसायला लागला. नणंदबाईंनी शाळेत असताना कधीतरी त्यात खोबरेल सोडलं होतं. खोबरेल थंडीत थिजतं, आणि पुढे धुळीसकट असं बसतं की निघता निघत नाही. त्याने सगळे भाग रॉकेलने धुतले, शटल बदललं आणि वर मोटर बसवून दिली. मोटर मी दीड महिन्यात काढून टाकली. सरळ शिलाईला ती बरी वाटते, पण गळ्याच्या गोलाईवर आली की मशीन माझ्यापुढे पळतं. पायाने चालवताना हवं तर एकेक टाका घालता येतो, शेवटचे दोन टाके हाताने चाक फिरवून घालता येतात. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा सैल पडतो, मग थोडा कापायचा आणि पुन्हा आकडी मारायची. त्यापलीकडे या मशीनने काही मागितलं नाही.

पाचव्या महिन्यात मोहाला बळी पडून एक पांढरं, विजेवरचं झिगझॅग मशीन घेतलं. नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा किती आणि माझा किती हे अजून ठरत नाही. बटणांची काजी सुंदर करतं. कापलेल्या कडांवर झिगझॅग मारला की धागे सुटत नाहीत, इंटरलॉकसाठी बाहेर जावं लागत नाही. पण कळ्यांचे, म्हणजे घेराच्या तिरक्या पट्ट्यांचे, चार-चार पदर एकत्र आले की ते कण्हतं आणि टाके सोडतं. वॉरंटीत दोनदा माणूस येऊन गेला. दोन्ही वेळा म्हणाला, "मॅडम, जाड कापड घालू नका." साधी खादी होती हो! आता माझ्याकडे वाटणी ठरलेली आहे. काळ्यावर शिलाई, पांढऱ्यावर काजी आणि कडा. आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर पांढरं घेणार नाही. काजी कोपऱ्यावरच्या फॉल-पिकोवाल्या बाईंकडून करून आणीन.

मशीनला शिव्या घालण्याआधी सुई बघा, हे मात्र मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. मलमलीला ११ नंबर, साध्या सुतीला १४, डेनिमला १६. मी चार महिने सोळा नंबरच्या एकाच सुईने सगळं शिवत होते आणि मलमलीवर टिपेच्या बाजूने बारीक चिरा का पडतात म्हणून दोऱ्याचा ताण कमी-जास्त करत बसले होते. सुई किती रुपयांची असते? पण बदलायचं सुचत नाही.

पहिला ड्रेस निळ्या मलमलीचा, उंची ४४ इंच. तीन शनिवार-रविवार गेले. घरातल्यांनी कौतुक केलं, मी ऑफिसला घालून गेले, आणि पहिल्या धुण्यात दोन इंच उंची गेली. मागावर आणि नंतर गिरणीत सुताला ताण दिलेला असतो. पाणी लागलं की ते आखडून आपल्या जागी येतं, उभ्या धाग्यात जास्त. हे मला वाचून माहीत होतं. पण नवीन कापडाचा तो कडक, करकरीत हात इतका छान लागतो की ते भिजवायचा धीर झाला नाही. आता कापड घरी आलं की रात्रभर पाण्यात, मग सावलीत, मग इस्त्री आणि त्यानंतरच कात्री. पावणेतीन मीटर लागणार असेल तर तीन घेते.

आता मुख्य गोष्ट. पहिले पाचही ड्रेस मला नीट बसले नाहीत. कॉलेजात असताना महिनाभर शिवणक्लास केला होता, त्यात झबलं, टोपरं आणि सहा कळ्यांचा परकर एवढ्यावर गाडी थांबली होती. बाकी वहीतल्या सूत्रांवर. छातीचा चौथा भाग, अधिक ढिलाई, अधिक दाब (टिपेच्या आत सोडायचं कापड). गणित बरोबर यायचं, ड्रेस चुकायचा. आणि चुकायचाही एकाच पद्धतीने. दिवसभरात गळा हळूहळू उजवीकडे सरकायचा आणि उजव्या मुंढ्याखाली (बाही जोडतात त्या गोलाईखाली) एक तिरकी घडी पडायची. मी गळा लहान केला, टक्स हलवले, एकदा तर बाह्याच उसवून पुन्हा लावल्या. (त्यात दोन्ही बाह्या एकाच हाताच्या बेतल्या होत्या हे वेगळंच. बाहीला पुढची आणि मागची बाजू असते, पुढून खोलगट. कापड दुहेरी न घालता एकेक बाही कापली की हा घोटाळा ठरलेला.)

शेवटी टेलरकाकांनी शिवलेला एक जुना, विटलेला, पण अंगाला चपखल बसणारा कुर्ता घेतला आणि ब्लेडने पूर्ण उसवला. बाजू, बाह्या, खांदे, गळ्याची पट्टी, सगळं. प्रत्येक भागाला इस्त्री केली, ब्राऊन पेपरवर पसरला आणि कडेने पेन्सिल फिरवली. मग मध्य काढायला पुढच्या भागाचा कागद उभा मधोमध दुमडला, तर दोन्ही बाजू जुळेनात. उजवा खांदा डाव्यापेक्षा चार सूत, म्हणजे अर्धा इंच, खाली. मुंढासुद्धा तेवढाच खाली उतरवलेला. मला वाटलं कापड ओढलं गेलं असेल. मागचा भाग दुमडला. तिथेही चार सूत.

कुर्त्याच्या चिंध्या पिशवीत घालून काकांकडे गेले. त्यांनी त्या हातात घेऊन बघितल्या. "उसवला होय? बरा चालला होता की," म्हणाले. मी खांद्याचं विचारलं.

"बॅगेचा खांदा आहे तो, ताई. एकाच खांद्याला बॅग लावणाऱ्या पुष्कळ जणींचा असतो."

"मग बारा वर्षांत कधी बोलला नाहीत ते?"

"बोलून काय करायचं? बसतोय ना ड्रेस?"

मग त्यांनी मापाची वही काढली. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाच्या कापडाचा तुकडा टाचलेला. माझ्या पानावर खांद्याच्या आकड्यापुढे, साडेचौदाच्या पुढे, बॉलपेनने एक छोटासा बाण. खाली टोक केलेला. इतकी वर्षं "परवा या" ऐकून मी त्यांच्यावर चिडत होते आणि तो बाण तिथे होता.

त्या ब्राऊन पेपरवरून मी माझा खाका केला. उजवा आणि डावा वेगळा, मागचा भाग अर्ध्याचा नाही, पूर्ण. घडीवर कापायचं बंद. सहाव्या ड्रेसपासून पुढचे जवळजवळ सगळे त्या खाक्यावर आहेत आणि जे ११ वापरात आहेत ते त्यातलेच. म्हणून कोणी विचारलं की शिकायला काय घेऊ, तर माझं उत्तर मशीन नाही. तुम्हाला सगळ्यात छान बसणारा, पण टाकायला झालेला कपडा घ्या आणि उसवा. व्हिडिओत दिसणाऱ्या बाईचे दोन्ही खांदे सारखे असतील, तुमचे नसतात.

कापडांबद्दल. सुती कापड नवशिक्याला सांभाळून घेतं, इचलकरंजीच्या साध्या पॉपलीनवर मी जितकं शिकले तितकं कशावरच नाही. रेयॉन मात्र टेबलावरून पाण्यासारखं ओघळतं. खाली वर्तमानपत्र पसरून, कापड त्यालाच टाचून, कागदासकट कापायचं, तरच रेघ सरळ येते. घेराचा ड्रेस असेल तर खालची पट्टी लगेच दुमडायची नाही. शिवून झाल्यावर एक दिवस हँगरला लटकत ठेवायचा. जिथे कापड तिरकं, उरेब पडलेलं असतं तिथे ते आपल्या वजनाने खाली उतरतं. माझा एक ड्रेस न लटकवता पट्टी मारल्यामुळे दोन्ही बाजूंना इंचभर लोंबतो, आणि लोकांना ती फॅशन वाटते. मी काही बोलत नाही.

खणाचा ड्रेस हे माझं सगळ्यात महागडं खूळ. खण मुळात चोळीचं कापड. बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्डला विणतात तो अस्सल खण, त्याचा पन्हा जेमतेम तीस-एकतीस इंच. चोळीला पुरतो, घेराला कसा पुरणार? म्हणून कळ्या काढल्या. एरवी कळ्या एक सुलट, एक उलट अशा बेतल्या की कापड वाचतं. पण मी घेतलेल्या खणाच्या बुट्टीला वर-खाली होतं. उलटी कळी लावली असती तर अर्धी नक्षी शीर्षासनात. सगळ्या कळ्या एकाच दिशेने कापल्या आणि कापड पाच मीटरवर गेलं. वरून कडेचे धागे नजरेदेखत सुटत होते. तिथे पांढऱ्या मशीनने इमान राखलं. मॅचिंग सेंटरमधून केंब्रिकचं अस्तर आणून लावलं. आज तो ड्रेस घातला की लोक थांबवून विचारतात, तेव्हा पाच मीटर विसरायला होतात.

जुन्या रेशमी साडीचा ड्रेस करायचा विचार असेल तर आधी ती खिडकीपाशी धरून घड्या तपासा. माझ्या आईची साडी मी कापली, अस्तर लावलं, सुंदर झाली. तिसऱ्यांदा घातली तेव्हा मांडीपाशी टरकली. टिपेवर नाही, जुन्या घडीवर. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम तिथेच तुटतं. कपाटाच्या तळाशी जे दोन आहेत त्यातला एक हा.

शिवणाचं साहित्य लागतं त्यापेक्षा कमीच घ्या. कात्री मात्र चांगली हवी. माझी मेरठची दहा इंची, लोखंडी, जड आहे. तिने कागद कापला म्हणून घरात एकदा भांडण झालंय. दुसरी गोष्ट म्हणजे इस्त्री. एक टीप, की लगेच त्या टिपेवर इस्त्री, मग पुढची टीप. कंटाळवाणं आहे. पण घरी शिवलेला ड्रेस घरी शिवल्यासारखा दिसतो तो बहुतेक न दाबलेल्या दाबांमुळेच.

खिसे! एवढ्यासाठी सगळे गुन्हे माफ. तोंड साडेसहा इंच, खोली हात मनगटापर्यंत जाईल एवढी, कंबरेच्या टिपेत वरून अडकवलेला, म्हणजे मोबाईलच्या वजनाने ड्रेस एका बाजूला ओढला जात नाही. मोबाईल, किल्ल्या, रुमाल, बसचे सुटे पैसे. बाजारात दोन्ही हात मोकळे राहिले की कोथिंबिरीची जुडी निवडून घेता येते.

पैशांचं खरं सांगते. कापड ८,९०० रुपये, अस्तर १,५००, दोरे, चेन, बटणं वगैरे १,९००, कात्री ४५०, जुन्या मशीनची दुरुस्ती आणि ती काढून टाकलेली मोटर २,३००, नवीन मशीन १०,५००. एकूण २५,५५०. एकोणीसने भागलं तर एक ड्रेस साधारण १,३४५ला पडला, आणि वापरात असलेल्या अकरानेच भागलं तर २,३२३ला. काका कापडासकट साडेअकराशेत शिवून देतात. त्यामुळे बचतीसाठी कोणी शिवायला बसणार असेल तर बसू नये. वेळेचं म्हणाल तर आता एका ड्रेसला साडेसहा तास लागतात. त्यातला मशीनवरचा वेळ जेमतेम तीन तास. बाकी बेतणं, इस्त्री आणि हाताने पट्टी दुमडणं. कंबर दुखते ती जमिनीवर बसून बेतल्याने, म्हणून जेवणाचं टेबल आता रविवारी दुपारी माझं असतं.

ब्लाउजच्या वाटेला मात्र मी गेले नाही. दोनदा कटोरीचा कागद काढला आणि घडी करून ठेवला. वटपौर्णिमेसाठी दोन ब्लाउजपीस काकांकडे टाकून आलेय. माप घ्यायला त्यांनी टेप उचललीच नाही, वही उघडून बघितली फक्त. परवा मिळतील म्हणालेत.